सातबारा आपला, ताबा कोणाचा?

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या दोन खणांत चौदा लॅपटॉप ठेवलेले आहेत. चांगले दणकट, एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात तीन-चार वर्षं वापरलेले. दोन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा शाळेसमोर मंडप होता, सरपंचताईंनी पेट्यांना हळदकुंकू लावलं, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. सातवीच्या पोरांनी एकेक खोका छातीशी धरून आत नेला. त्यातला एकही लॅपटॉप आजवर वर्गात गेलेला नाही. आणि बिघडलेला म्हणाल, तर एकही बिघडलेला नाही.

बटण दाबलं की पडदा उजळतो, कुलपाचं चित्र येतं, खाली एक रिकामी चौकट. पासवर्ड टाका. तो आमच्याकडे नाही. कंपनीने देण्याआधी हार्ड डिस्क कोरी केली, ते योग्यच केलं. तिच्या कामाची माहिती आमच्याकडे यायला नको. पण कोऱ्या डिस्कवर नवी प्रणाली टाकायची तर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करावं लागतं, आणि त्याची परवानगी त्या कुलपाच्या आत आहे. फोन केले. ज्या साहेबांनी देणगीचं जमवून आणलं होतं त्यांची बदली झाली होती, संगणक सांभाळणारा ठेकेदार बदलला होता, पासवर्ड कोणापाशीच नव्हता. शेवटी दोन लॅपटॉप तालुक्याला दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने एक उघडून पाहिला. म्हणाला, "सर, सेल काढून पाह्यला, नाही जमलं. याचं कुलूप सेलवर नाही हाय, चिपमंदी हाय. बोर्ड बदलावं लागन." मी म्हटलं, बोर्ड बदलायचा तर नवाच का घेऊ नये? तो म्हणाला, "मी तेच तं म्हणून राहिलो."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो आणि संगणक खोलीची जबाबदारी माझ्याकडे आहे. या दोन वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. सार्वजनिक पैशाने किंवा देणगीने गावात येणाऱ्या प्रत्येक संगणकाबरोबर त्याच्या सर्वांत खालच्या थराची किल्लीही गावाच्या हातात आली पाहिजे, आणि ती खरेदीच्या, देणगीच्या कागदावर लिहिलेली अट असली पाहिजे. आज ती कुठल्या कागदावर मला दिसत नाही. कागदावर प्रोसेसर असतो, मेमरी असते, पडद्याचे इंच असतात.

हा खालचा थर म्हणजे फर्मवेअर. विहिरीवरच्या मोटरपंपाला स्टार्टरची पेटी असते तसा तो समजावा. मोटर उत्तम, विहिरीला पाणी, वीज आलेली, पण पेटीला कुलूप आणि किल्ली दुसऱ्या गावच्या माणसाकडे, तर वावर कोरडंच राहणार. वीज मिळताच प्रोसेसरला स्वतःहून काहीच माहीत नसतं. त्याला एवढंच ठाऊक असतं की ठरलेल्या एका पत्त्यावर जायचं आणि तिथे लिहिलेलं वाचायचं. त्या पत्त्यावर, बोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये, फर्मवेअर बसलेलं असतं. मेमरी जागी करणं, कीबोर्ड आणि डिस्क ओळखणं आणि मग विंडोज किंवा लिनक्ससारख्या प्रणालीच्या हाती कारभार सोपवणं हे त्याचं काम. कारभार कोणाच्या हाती सोपवायचा हेही तेच ठरवतं, आणि माझं भांडण या शेवटच्या अधिकाराशी आहे.

हा अधिकार सुरुवातीला असा बंदिस्त नव्हता. १९८४ साली देशातल्या शाळांमध्ये 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक होते. त्याचं बटण दाबलं की एक आवाज व्हायचा आणि लगेच बेसिक या प्रोग्रामिंग भाषेची ओळ तुमची वाट बघत उभी असायची, कारण बेसिक रॉममध्येच, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या मेमरीतच, भरलेलं होतं. फर्मवेअर आणि विद्यार्थी यांच्यामध्ये तिसरं कोणी नव्हतं. १९८१ च्या आयबीएम पीसीचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, अवघं ८ किलोबाइटचं होतं, आणि आयबीएमने त्याची ओळन् ओळ तांत्रिक पुस्तिकेत छापून दिली होती. तो मजकूर उतरवून घ्यायला कायद्याची बंदी होती, वाचायला नव्हती. कॉम्पॅक कंपनीच्या अभियंत्यांनी मग मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसांकडून तसंच वागणारं नवं बायोस लिहून घेतलं, पुढे १९८४ पासून फिनिक्स कंपनी असं बायोस इतरांना विकू लागली, आणि जगभर 'कॉम्पॅटिबल', म्हणजे आयबीएमसारखेच चालणारे, पीसी निघाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सुटे भाग आणून गल्लीतल्या दुकानात जुळवलेले जे पीसी अमरावती-अकोल्यापासून तालुक्यापर्यंत पोचले, ते या एका थराची नक्कल करता आली म्हणून.

त्या जुन्या पीसीत कुलूप नव्हतं असं नाही. बायोसला पासवर्ड तेव्हाही लावता यायचा. पण तो, बाकीच्या सेटिंगसारखाच, सीमॉस नावाच्या चिमुकल्या मेमरीत असायचा आणि ती मेमरी रुपयाच्या नाण्याएवढ्या, ३ व्होल्टच्या सेलवर जिवंत राहायची. सेल काढला की पासवर्ड गेला. काही बोर्डांवर त्यासाठी वेगळा जंपरच, म्हणजे काढता-घालता येणारी छोटी पिन-जोडणी, असायचा. ज्याच्या हातात मशीन, त्याच्या हातात ताबा, असा तो साधा हिशेब होता.

या सेलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याच्या अज्ञानापायी आपल्या भागात फार चांगली यंत्रं मोडीत निघाली आहेत. डेस्कटॉपला भिंतीतून वीज मिळत असते तोवर त्याचं घड्याळ त्या विजेवर चालतं. भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळाचा भार सेलवर येतो. आता आपल्या शाळा पाहा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात. सुटी लागताना शिपाई मेन स्विच पाडतो, ते बरोबरच आहे, आणि मग सगळा उन्हाळा, पंचेचाळीस अंशांच्या बंद खोलीत, तो सेल एकटा राबतो. शाळा उघडते तेव्हा सेल संपलेला. संगणक सुरू होतो, पण त्याच्या लेखी वर्ष कुठलं तरी जुनंपुराणं. कोणतंही सरकारी संकेतस्थळ उघडलं की 'प्रमाणपत्र वैध नाही'. वैधच कसं असणार, त्या मशीनच्या तारखेला ते प्रमाणपत्र जन्मलेलंच नाही. कधी याहून वाईट होतं. सेटिंग मूळपदावर जातात, डिस्क वाचण्याची पद्धत बदलते, विंडोज उघडत नाही, आणि कोणीतरी म्हणतं, हार्ड डिस्क गेली. शेजारच्या केंद्रातल्या एका शाळेने तीन संगणक निर्लेखनाला काढले होते. मी सेल बदलले, सेटिंगमध्ये एक ओळ पूर्वीसारखी केली, तिन्ही सुरू झाले. त्या मशीनांना पासवर्ड नव्हता म्हणून मला आत शिरता आलं.

नव्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड सेलच्या भरवशावर नसतो. वीज असो नसो, तो टिकून राहणाऱ्या चिपमध्ये असतो. काही बनावटींत तो विसरलात तर कंपनीचं अधिकृत उत्तर बोर्ड बदलणं हेच असतं. मोठ्या शहरांत काही कारागीर चिपला चिमटा लावून ती वाचतात आणि पुन्हा लिहितात, पण तालुक्याच्या दुकानात ना ती साधनं आहेत ना ते शिकवणारं कोणी.

दरम्यान बायोसच बदललं. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोठ्या सर्व्हरांसाठी ईएफआय नावाची नवी रचना केली, २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे गेली आणि यूईएफआय झाली. जुनं बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचलायचं आणि आत काय आहे ते न बघता चालवायचं. यूईएफआयला डिस्कवरचा एक ठरलेला विभाग वाचता येतो, त्यातली फाइल ती नावाने उघडते, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्या फाइलवर ओळखीची डिजिटल सही आहे का तेही तपासते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हे सिक्युअर बूट घराघरांत आलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टची अट अशी होती की साध्या पीसीत मालकाला ते बंद करता आलं पाहिजे. मोबाइल-टॅब्लेटमध्ये असतात तशा एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांसाठी मात्र अट उलटी होती, तिथे ते बंद करता येता कामा नये. विंडोज १० च्या वेळी पीसीवरची ती सक्तीही गेली आणि बंद करण्याची सोय ठेवायची की नाही हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलं गेलं.

हे फरक वर्गात कसे उतरतात? माझ्याकडे लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह आहे, तो घेऊन मी आजूबाजूच्या शाळांत जातो. २०१० च्या आसपासच्या डेस्कटॉपवर एफ१२ दाबलं की यादी येते, त्यातून तो निवडायचा, झालं. नव्या लॅपटॉपवर तोच पेन ड्राइव्ह कधी यादीत दिसतच नाही, कारण तो जुन्या पद्धतीने तयार केलेला असतो आणि मशीनला फक्त यूईएफआय कळतं. इंटेलने जुन्या पद्धतीचा आधार २०२० पर्यंत काढून टाकण्याचं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. २०१४ च्या सुमाराला आलेल्या काही स्वस्त, छोट्या लॅपटॉप-टॅब्लेटची गत आणखी विचित्र आहे. प्रोसेसर ६४ बिटांचा, यूईएफआय ३२ बिटांची, त्यामुळे ६४ बिटांचा नेहमीचा पेन ड्राइव्ह लावला तर काहीच घडत नाही. शिक्षकाला वाटतं पेन ड्राइव्ह खराब, दुकानदाराला वाटतं मशीन खराब.

ॲपलच्या मॅकची परंपरा वेगळीच आहे. जुन्या, पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकांत 'ओपन फर्मवेअर' नावाचं फर्मवेअर होतं, २००६ पासूनच्या इंटेल मॅकांत ईएफआय, आणि २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरात यातलं काहीच नाही. तिथला पहिला धडा चिपमध्येच कोरलेला आहे, बदलता न येणारा. तो पुढच्या पायरीची सही तपासतो, ती तिच्या पुढचीची. तरीही मशीनच्या नोंदलेल्या मालकाला आपल्या मशीनची सुरक्षा कमी करून दुसरी प्रणाली चालवता येते. मुद्दा नोंदलेला मालक कोण हा आहे. जुन्या मालकाने आपलं खातं सोडवलं नसेल, तर दान मिळालेला मॅक म्हणजे ॲल्युमिनियमची पाटी.

क्रोमबुकचं, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचं, उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्याचं फर्मवेअर कोअरबूटवर उभं आहे. कोअरबूट १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस या नावाने सुरू झालं, त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, कोणालाही वाचता येतो. पण क्रोमबुक एखाद्या संस्थेच्या नावावर नोंदलेलं असेल आणि त्या संस्थेने ते आपल्या यादीतून मोकळं केलं नसेल, तर सगळं पुसून टाकलं तरी सुरू झाल्यावर ते पुन्हा त्याच संस्थेत जाऊन बसतं. स्रोत उघडा असूनही ताबा बंद राहू शकतो. म्हणून 'मुक्त प्रणाली वापरा' एवढं म्हणून भागत नाही, हे माझ्या मुक्त प्रणालीवाल्या मित्रांनाही मी सांगत असतो.

रास्पबेरी पाय या तळहातावर मावणाऱ्या स्वस्त संगणकाबद्दल माझ्या मनात ओलावा आहे. त्यात आधी पडद्यावरची चित्रं सांभाळणारा प्रोसेसर जागा होतो आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवतो. जुन्या बनावटींत सुरुवातीचा बराचसा कारभार एसडी कार्डावरच असतो. कार्ड बदललं की मशीन नवं. मुलांच्या हातून काहीही बिघडलं तरी दहा मिनिटांत पूर्ववत. पाचव्या बनावटीच्या आधीच्यांत घड्याळच नसतं, त्यामुळे नेट नसेल तर तारीख चुकते, एवढं सांभाळावं लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती खरी आहे. कुलूप उगीच लावलं नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांची बायोस चिप खरडून टाकली, भारतातही फटका बसला. ज्यांची चिप गेली त्यांचं बटण दाबून काहीच व्हायचं नाही. २०१८ मध्ये यूईएफआयच्या चिपमध्येच घर करणारं लोजॅक्स नावाचं घातक सॉफ्टवेअर सापडलं, डिस्क बदलली तरी ते तिथेच राहायचं. शिवाय चोरी. आमच्या भागातल्या शाळांची कुलपं सुटीत फुटतात, हे मी नाकारत नाही. कुलूपबंद लॅपटॉप चोराला विकायला अवघड जातो, हाही फायदाच आहे. सिक्युअर बूट बंदच करून टाका, असं मी कधीही म्हणणार नाही. सेवा केंद्रातल्या ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे कागद रोज उघडतात, तिथे ते चालूच हवं.

कुलूप असावं. त्याची किल्ली घरमालकाकडे असावी, एवढंच मागणं आहे. हे जमतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच होऊन गेलं. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीची हिरवी-पांढरी यंत्रं रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका लहान वाडीतल्या शाळेत आली. त्या बनावटीच्या यंत्रांत ओपन फर्मवेअर होतं. चोरीपासून संरक्षण होतं, सहीची तपासणीही होती, आणि तरीही आपलं मशीन पूर्ण उघडायची किल्ली मागायची रीत रचनेतच ठेवलेली होती. प्रकल्प पुढे यशस्वी झाला की नाही हा वेगळा वाद. पण सुरक्षा आणि मालकी एकाच चिपमध्ये नांदू शकतात, हे त्या यंत्राने दाखवून दिलं.

हा प्रश्न आज निकडीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूटची तयारी आणि टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते, आणि आपल्याकडच्या शाळांत, ग्रामपंचायतींत जे संगणक आहेत त्यातल्या अनेकांत हे नाही. ती मशीनं लिनक्सवर आणखी पाच-सात वर्षं छान चालतील, अट एकच, फर्मवेअरमध्ये शिरता आलं पाहिजे. त्यात भर म्हणजे सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये संपते आहे. जुन्या किल्लीने सही केलेलं चालत राहतं, पण नव्या किल्लीची सही ओळखायची तर ती नवी किल्ली फर्मवेअरमध्ये घालावी लागते. चालू विंडोजमध्ये ती बरेचदा अपडेटबरोबर येते. तशी आली नाही तर हाताने घालणार कोण? ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो.

आणि घालायची कधी? फर्मवेअर बदलताना मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं बसू शकतं. भारनियमन सोसलेल्या गावात हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हे काम देणाऱ्याने देण्याआधी, शहरात, खात्रीच्या विजेवर करून पाठवावं.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिने शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं घेतली. सुटे भाग आणि पुस्तिका मिळाव्यात ही तिची दिशा योग्य आहे. मला त्यात पासवर्ड आणि खातेमुक्ती हे दोन शब्द हवे आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला देतात, जुने संगणकही बरेचदा याच उत्साहात गावाकडे वळतात. त्या संगणकाचा सेटअप पासवर्ड काढलेला आहे, कंपनीच्या यादीतून तो मोकळा केलेला आहे, पेन ड्राइव्हवरून सुरू होतो हे करून पाहिलेलं आहे, एवढी एका पानाची नोंद सोबत असायला काय हरकत आहे? या कामाला एका मशीनमागे काही मिनिटं लागतात. नव्या खरेदीत पुरवठादाराने पासवर्ड बंद पाकिटात द्यावा आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूच्या क्रमांकासमोर पाकीट मिळाल्याची नोंद व्हावी. शेतकऱ्याला सातबारा आणि ताबा यांतला फरक समजावून सांगायची गरज नाही. नाव चढलं आणि वहिवाट दुसऱ्याची राहिली, तर काय होतं हे त्याच्या चार पिढ्यांनी भोगलं आहे. रजिस्टरला शाळेचं नाव चढलेले आमचे चौदा लॅपटॉप हे त्याच जातीचं प्रकरण आहे.

परवा आठवीतल्या एका मुलीने कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "सर, हे काऊन नाही देऊन राहिले आम्हाले?" तिला मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग घेतानाच काऊन नाही विचारलं?" मला माहीत नव्हतं म्हणून, असं मी तिला म्हटलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेचा फोन आला, दहा संगणक द्यायचे आहेत. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली आणि ठराव लिहिला गेला. प्रत्येक संगणक समितीसमोर पेन ड्राइव्हवरून सुरू करून दाखवावा, सेटअपचा पासवर्ड लेखी द्यावा, त्यानंतरच पावतीवर मुख्याध्यापकांची सही होईल. ठरावाची प्रत संस्थेला पाठवली आहे. त्यांचं उत्तर यायचं आहे.